मशीनच ग्रुपवर बोलायला लागल्यात, आता शॉप सांभाळणाऱ्याने करायचं काय?

शॉपफ्लोअरवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, पण दुसरं कुणाला विचारू कळेना.

चाकणला एका टियर-टू कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या सप्लायरना पार्ट पुरवणारी, मशीन शॉप बघतो. २२ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन), ६ सीएनसी लेथ, एक वॉशिंग मशीन आणि दोन कॉम्प्रेसर. तिन्ही शिफ्ट मिळून ८० च्या आसपास माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी नाहीतर अप्रेंटिस. सात महिन्यांपूर्वी मालक कुठल्यातरी एक्झिबिशनला जाऊन आले आणि तिथून आल्यावर सगळ्या मशीनला सेन्सर लागले. आता आमच्याकडे प्रत्येक मशीनचं ॲपमध्ये स्वतःचं अकाउंट आहे, म्हणजे खरंच, माणसासारखं, नाव आणि फोटोसकट. मशीन थांबली की ती स्वतःच ग्रुपवर लिहिते, 'व्हीएमसी-११ थांबली आहे, ७ मिनिटं झाली, कारण द्या'. शिवाय त्या एकमेकींनाही सांगतात, वॉशिंगपुढे ट्रॉल्या साचल्या की मागच्या मशीनना निरोप जातो, कॉम्प्रेसरचं प्रेशर पडलं की त्या लाइनवरच्या सगळ्या जणी बोंब मारतात. ऑपरेटर आणि सेटरच्या (मशीन लावून देणारा) मनगटावर घड्याळ दिलंय, ते थरथरतं.

सुरुवातीला मलाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू. आता वैताग आलाय. एका दिवसात ग्रुपवर ६००-७०० मेसेज. आणि त्या ग्रुपमध्ये मालक पण आहेत. रात्री पावणेदोनला मालकांचा मेसेज येतो, '११ नंबर का थांबली?' मी घरी झोपलेला, शिफ्ट सुपरवायझर घाबरलेला, आणि मशीन थांबलीय ती फक्त इन्सर्ट, म्हणजे टूलचं झिजलेलं पातं, बदलायला. घड्याळात पावलं पण मोजतात, परवा मीटिंगमध्ये मालक म्हणाले की एकाची १४ हजार पावलं आणि दुसऱ्याची ४ हजार, हा बसून असतो का? आता ज्याची १४ हजार होती तो सेटर आहे, त्याचं कामच फिरण्याचं, ते कोण सांगणार.

आधी काय होतं, काही अडलं की पोरगा माझ्याकडे यायचा, मी बघायचो, आणि वर काय सांगायचं, किती सांगायचं ते मी ठरवायचो. आता सगळ्यांना सगळं एकदम दिसतं, मग माझं काम नक्की काय राहिलं?

आणि अजून एक गंमत. कारणं निवडायला १२ ऑप्शन दिलेत, तरी निम्म्याहून जास्त वेळा 'इतर'. आणि मागच्या दोन महिन्यांपासून सिस्टिमचा काउंटर आणि ट्रॉलीतले जॉब (तयार झालेले पार्ट) जुळत नाहीत, काउंटर ४१२ दाखवतो आणि ट्रॉलीत ३८८. सप्लायरचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणतो सेन्सर ओके आहे.

कुणी असल्या कनेक्टेड शॉपमध्ये माणसं सांभाळली असतील तर सांगा. सॉफ्टवेअर बदला असं सांगू नका, ते माझ्या हातात नाही.

निवृत्त_मेंटेनन्स

अहो साहेब, ३६ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, पिंपरीत. तुमचं वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पहिली गोष्ट, ७०० मेसेज म्हणजे शून्य मेसेज. केमिकल आणि पॉवर प्लांटवाल्यांनी हा धडा फार महाग शिकलाय. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनला २४ जुलै १९९४ ला रिफायनरीत स्फोट झाला. सकाळी वीज पडून सगळं बिघडलं होतं, एक व्हॉल्व्ह बंद अडकला होता आणि कंट्रोल रूममध्ये तो उघडा दिसत होता. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरना २७५ अलार्म आले. म्हणजे मिनिटाला २५. त्यात कामाचा कुठला आणि कचरा कुठला हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्यानंतर त्या क्षेत्रात जे नियम रूढ झाले त्यात साधारण असं धरतात की सगळं सुरळीत चालू असताना एका माणसाला १० मिनिटांत एक अलार्म, त्याच्या वर गेलं की माणूस बघणं सोडून नुसता ओके दाबत बसतो. तुमची पोरं 'इतर' दाबतात ते त्यातलंच.

तुमचा कॉम्प्रेसर एकदा बसला की १९-२० मशीन एकदम ओरडत असतील ना? तिथे कॉम्प्रेसरचा एकच मेसेज गेला पाहिजे, बाकीच्यांनी गप्प. हे सेटिंग प्रत्येक सिस्टिममध्ये असतं, सप्लायरच्या माणसाला चहा पाजा आणि बसवून करून घ्या, सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट. टोयोटाची दोरी सगळ्यांना माहितीय, अंदन म्हणतात ती. आपल्याकडे लोकांना वाटतं दोरी ओढली की लाइन थांबते. तसं नाही, दोरी ओढली की आधी दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो, गाडी त्या स्टेशनच्या शेवटापर्यंत जाईस्तोवर सुटलं तर लाइन चालूच राहते, नाहीच सुटलं तर मग थांबते. म्हणजे बोलावणं जातं ते जवळच्या, हात लावू शकणाऱ्या माणसाला. आणि तो येऊन पहिलं 'काय झालं' विचारतो, 'का थांबवलीस' नाही. तुमच्याकडे दिवा थेट मालकांच्या उशाशी लागतोय. मालक काय रात्री दोनला येऊन इन्सर्ट बदलणार आहेत का?

मूळ डोकं तर अजून जुनं आहे, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग साकिची टोयोडांनी केला, १९२४ चा. माग थांबायचा तो खराब कापड होऊ नये म्हणून. विणणाऱ्याची चहाडी करायला नव्हे.

आयटीआय_मशिनिस्ट

दादा राग मानू नका, मी ऑपरेटर आहे, दुसऱ्या कंपनीत, आमच्याकडं पण हेच आलंय. काउंटरचं सांगतो.

जॉब नसताना प्रोग्राम फिरवतात. झेड ऑफसेट, म्हणजे टूलच्या उंचीचं सेटिंग, ५० मिलिमीटर वर घ्यायचा, सायकल स्टार्ट, टूल हवेत कापतंय, लाइट हिरवा, स्पिंडलला (टूल फिरवणारा दांडा) करंट आहे, मशीन खूश. प्रोग्रामच्या शेवटी एम-३०, म्हणजे 'प्रोग्राम संपला' हा कोड, आला की काउंटर एकनं वाढतो, त्याला काय माहीत फिक्स्चरमध्ये (जॉब पकडायची जागा) जॉब हाय का नाय. तुमचे ते २४ जॉब हवेतले आहेत. सेन्सर खरंच ओके आहे.

आता तुम्ही म्हणाल चोर आहेत पोरं. पण का करतात ते बघा. आमच्यात पहिला पीस क्वालिटीवाला पास करेपर्यंत मशीन चालवायची नाही असा नियम आहे, बरोबर हाय नियम. पण नाइटला क्वालिटीवाला एकच, तो दुसऱ्या शेडमध्ये गेला की २५-३० मिनिटं येत नाही. तोवर मशीन लाल. लाल झाली की ग्रुपवर माझं नाव. सकाळी ऑफिसात बोलवून 'काल तुझी मशीन ४० मिनिटं बंद होती'. मी सांगितलं क्वालिटीमुळं, तर क्वालिटीवाला माझ्यावर डूख धरतो, त्याची पण चूक नाय बिचाऱ्याची. १२ ऑप्शनमध्ये 'तपासणीची वाट' असा ऑप्शनच नाही, 'ऑपरेटर जागेवर नाही' मात्र पहिला हाय. मग 'इतर' दाबतो. आणि लई झालं की हवेत फिरवतो. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही आन लाइट हिरवा.

मी आता करत नाही, एकदा ऑफसेट परत खाली घ्यायचा विसरलो आणि रफिंग, म्हणजे आधीचं जाड कटिंग, न होताच फिनिशचा टूल गेला, इन्सर्टचे तुकडे आन जॉब रिजेक्ट. पण करणारे करतात.

घड्याळाचं तर बोलूच नका. शर्टाच्या बाहीखाली चार्जिंगला लावल्यासारखं गरम होतं आन कूलंट गेला की खाज सुटते.

श्टुटगार्टचा_पुणेकर

मशिनिस्ट भाऊंनी जे लिहिलं ते फ्रेम करून लावा.

मी इकडे जर्मनीत ऑटोमेशनमध्ये आहे. मशीननी एकमेकींशी 'सोशल' वागायचं ही कल्पना तशी मालकांची किंवा तुमच्या सप्लायरची नाही. अत्झोरी, इएरा आणि मोराबितो अशा तीन इटालियन संशोधकांनी २०१२ च्या सुमारास ती पद्धतशीर मांडली, वस्तूंनी वस्तूंशी नाती जोडायची, माणूस मध्ये न येता. नात्यांचे प्रकार आपल्याकडच्यासारखेच आहेत, एका कंपनीच्या एका बॅचमधली यंत्रं म्हणजे भावकी, एका जागेतली म्हणजे शेजारी, एका कामातली म्हणजे सहकारी, आणि एका मालकाची. फायदा खरा आहे, समजा ११ नंबरच्या स्पिंडलला कंपनं वाढली तर तिच्याच बॅचच्या १४ नंबरला आधीच विचारता येतं की बाई, तुझं काय चाललंय.

पण त्या मांडणीत कुठली माहिती कुठल्या नात्याला द्यायची आणि कुणावर किती भरवसा ठेवायचा हा अर्धा विषय आहे. तुमच्याकडे सगळ्या नात्यांना सगळी माहिती, थेट गावजेवण.

इथे कायदाच असा आहे की कामगारांचं वागणं किंवा परफॉर्मन्स टिपता येईल असं कुठलंही यंत्र आणायचं तर कंपनीतल्या कामगार समितीची संमती लागते, त्यांच्या कामगार कायद्याचं ८७ वं कलम. मी इथे आलो तेव्हा चिडचिड व्हायची, एक साधा टूल काउंटर लावायला चार महिने मीटिंगा. पण त्या मीटिंगांमध्ये असंच ठरतं की हा आकडा कुणाला दिसेल, किती दिवस राहील, पगाराशी जोडायचा का नाही. आमच्याकडे मशीनचा डेटा मेंटेनन्सला दिसतो, ऑपरेटरच्या नावाशिवाय. बॉसला आठवड्याची बेरीज. मग कुणी हवेत कापत नाही, गरजच नाही.

आपल्याकडे असं कलम नाही म्हणून करायचं नाही असं थोडंच आहे. नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं दिली होती तेव्हाही तक्रार हीच होती, की घड्याळ कामासाठी आहे का पाळतीसाठी.

रोखठोक_०७

एवढं काय त्यात, हवेत कापणाऱ्या दोघांना घरी पाठवा, बाकीचे सरळ होतील. आणि हिरव्या लाइटवर इन्सेंटिव्ह लावा. कशाला जर्मनी न् इटली.

निवृत्त_मेंटेनन्स

@रोखठोक_०७ हिरव्या लाइटवर इन्सेंटिव्ह लावला तर वॉशिंग मशीन पण हवा धुवेल.

सातपूरची_ताई

मी नाशिकला सुपरवायझर लोकांचं ट्रेनिंग घेते, त्याआधी ११ वर्षं प्लॅनिंगला होते, त्यामुळे मला कन्सल्टंट म्हणून झोडपू नका.

शॉपफ्लोअरवाले सर, तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य म्हणजे 'वर काय सांगायचं ते मी ठरवायचो'. अस्वस्थता तिथे आहे, मेसेज ७०० वरून ७० झाले तरी ती जाणार नाही. आणि याच्यात लाजण्यासारखं काही नाही, आपण सगळे सुपरवायझर त्या एका गोष्टीवरच उभे असतो, खालचं वर आणि वरचं खाली किती जाऊ द्यायचं.

हार्वर्डला लीडरशिप शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ म्हणून आहेत, मूळचे डॉक्टर, मानसोपचाराचे. ॲडॅप्टिव्ह लीडरशिप हा शब्द त्यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रश्न दोन जातीचे. हाड मोडलं तर डॉक्टर बसवतो, पेशंटने गप पडून राहायचं. पण हार्टचा पेशंट असेल तर डॉक्टर बायपास करेल, पुढे सिगरेट सोडणं, खाणं बदलणं, चालणं हे पेशंटलाच करावं लागतं, डॉक्टरने त्याच्या वतीने चालून उपयोग नाही. आपण गडबड कुठे करतो, तर दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला पहिल्या जातीचा उपाय लावतो. तुमच्याकडे सेन्सर बसवणं, अलार्म कमी करणं ही पहिली जात, काकांनी सांगितलं तसं करून टाका, एका आठवड्याचं काम. पण 'लाल दिवा लागला तर मला कुणी फाडून खाणार नाही' हा भरवसा कुठला सप्लायर बसवून देणार?

ते अजून एक सांगतात, अधूनमधून नाचणाऱ्यांच्या गर्दीतून वर गॅलरीत जाऊन बघा म्हणून. तुमच्या शॉपला मेझनाइनवर, म्हणजे मधल्या माळ्यावर, काचेची केबिन असेलच, सगळ्या कंपन्यांना असते. तर माझा अनुभव असा की आता मालक लोकांना डॅशबोर्ड म्हणजेच ती गॅलरी वाटते. नाही हो. डॅशबोर्डवर २५ मिनिटं लाल दिसते, पण त्या २५ मिनिटांत पोरगा हातात जॉब घेऊन शेडभर क्वालिटीवाल्याला शोधत फिरतोय हे दिसत नाही. उलट त्याची पावलं वाढलेली दिसतात आणि त्याबद्दल शाबासकी मिळते!

आणि कारणांची यादी कुणी केली होती? मी पैज लावते, सप्लायरकडून तयार आलेली असणार. ती यादी पोरांना करू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे, मला अजून जमत नाही. मालकांचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल, ते काम पोरांवर ढकलू नका.

शॉपफ्लोअरवाला

सगळ्यांचे आभार. महिनाभराने लिहितोय, मध्ये ऑडिट होतं.

मशिनिस्ट दादांचं वाचल्यावर त्या रात्री मी दहा वाजता न सांगता शॉपवर गेलो आणि मग वाटलं आपण पण तेच करतोय, पाळत. म्हणून केबिनमध्ये न जाता सरळ ११ नंबरपाशी जाऊन उभा राहिलो आणि ऑपरेटरला म्हटलं, मला हवेतलं कटिंग माहितीय, तुला काही करणार नाही, फक्त दिवसाला किती वेळ आणि कधी ते सांग. पाच मिनिटं तो काहीच बोलला नाही, फडक्याने तेच ते टेबल पुसत बसला. मग म्हणाला, सर, बहुतेक बारा ते दोन.

यादी पोरांकडून करून घेतली, कँटीनमध्ये, फळ्यावर. सप्लायरच्या १२ मधली ७ गेली. नवीन आली त्यात 'पहिला पीस तपासणीत', 'बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) दुसऱ्या मशीनवर', 'क्रेनची वाट', आणि एक 'सांगता येत नाही', हे त्यांनीच आग्रहाने ठेवलं, मी काढायला निघालो होतो. कॉम्प्रेसरचं पण काकांनी सांगितल्यासारखं करून घेतलं, मेसेज आता दिवसाला ९०-१०० वर आलेत.

तीन आठवड्यांचे आकडे आले. नाइटला थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण 'पहिला पीस तपासणीत'. दुसरं बोअर गेज, सहा मशीनमध्ये एक आहे, पोरं तेच घेऊन पळत असतात.

आता खरी गोष्ट. नाइटचा दुसरा इन्स्पेक्टर मीच काढला होता. मागच्या वर्षी खर्च कमी करा असा लकडा होता, मी कागदावर दाखवलं की नाइटला एक पुरतो, मालकांनी पाठ थोपटली. सात महिने सेन्सर तेच सांगत होते आणि मी सप्लायरच्या माणसाला चहा पाजत होतो. मालकांना हे सांगायला दोन दिवस लागले मला, शब्द जुळवत होतो. सांगितलं तर ते पहिलं म्हणाले, 'मग मशीनने हे आधी का नाही सांगितलं?' मी म्हटलं, ऑप्शन नव्हता.

इन्स्पेक्टर पुढच्या एक तारखेपासून येतोय. दोन बोअर गेज मागवलीत. काउंटर आणि ट्रॉलीतला फरक आता दिवसाला दोन-तीन जॉबचा राहिलाय, तोही ज्या रात्री क्रेन अडकते त्या रात्री, म्हणजे कुणीतरी अजून करतंय, मी विचारलं नाही.

मालक मात्र अजून ग्रुपमध्ये आहेत. रात्रीचे मेसेज मी म्यूट करून दिलेत त्यांच्या फोनवर, त्यांच्यासमोर बसून, अपडेट आलंय असं सांगून नाही तर खरं सांगून. किती दिवस टिकतंय बघू. परवा सकाळी ६ लाच फोन होता, रात्री काहीच कसं आलं नाही म्हणून.

आयटीआय_मशिनिस्ट

भारी दादा. घड्याळांचं काय केलं?

शॉपफ्लोअरवाला

सेटर लोकांनी ठेवलीत, त्यांना खरंच उपयोग होतो, चार मशीन एकाच्या अंगावर असतात ना. ऑपरेटरची २६ घड्याळं माझ्या कपाटात आहेत, चार्जरसकट. पावलांचा रिपोर्ट अजून दर सोमवारी येतो, सगळ्या ऑपरेटरची शून्य.